घोंगडीचं कडं

गुरुवारी आमच्या घरी शांतता असायची आणि ती मला मुळीच आवडायची नाही. बाकीचे सहा दिवस सकाळी सातपासून गिरणी चालू असे. कुरुळीतलं आमचं घर म्हणजे पुढे पत्र्याची गिरणी आणि मागे एक खोली, मधली भिंत एका विटेची. त्या भिंतीतून घरघराट अंगात शिरायचा. पातेल्यातलं पाणी थरथरायचं, खुंटीवरचा आरसा थरथरायचा, आणि आम्ही मायलेकी साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागायचो. नव्याने आलेल्या पाहुण्यांना वाटे, यांच्यात भांडण चाललंय. गुरुवारी मात्र सगळं बंद. आमच्या भागातल्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून वीजवाले दुरुस्तीसाठी लाइटही त्याच दिवशी घालवायचे. लाइट नाही म्हणून गिरणी नाही, आणि गिरणी नाही म्हणून दगडांना टाकी लावायचा, म्हणजे छिन्नीने खरबरीत करायचा, वारही गुरुवारच. आज मागे वळून पाहताना वाटतं, माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट या एका वारामुळे घडली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बीडकडून आले तेव्हा दुसऱ्याच्या गिरणीत पोती उचलायचे. पुढे त्यांनी कुणाची तरी जुनी गिरणी विकत घेतली आणि कुरुळीत मांडली. कंपन्यांत कामाला आलेली माणसं गावात खोल्या करून राहू लागली होती, त्यामुळे दळण भरपूर यायचं. पण त्या जुन्या गिरणीला एक खोड होती. दगड फिरवणारा लोखंडी शाफ्ट जिथे बेअरिंगमध्ये शिरतो, तिथून पीठ आत जायचं. आतल्या ग्रीसमध्ये पीठ मिसळलं की त्याची कणीकच मळली जाते. मग बेअरिंग तापायचं, किंचाळायचं आणि एक दिवस बसून जायचं. अण्णांनी बाजारातून रबराची कडी आणून बसवली, ती उष्णतेने कडक होऊन तडकली. शेवटी त्यांनी थंडीत पांघरायच्या आपल्या काळ्या घोंगडीचा कोपरा कापला, त्याचं कडं केलं, तेलात रात्रभर भिजवलं आणि शाफ्टभोवती घट्ट बसवलं. बेअरिंग गप्प झालं. "लोकरीला धूळ धरायची खोड असती," ते मला म्हणाले होते. "आत जाऊ देत न्हाई, बाहेर सोडत न्हाई, सोताच्या पोटात धरून बसती." दर सहा महिन्यांनी घोंगडीचा एक तुकडा कमी व्हायचा. थंडीत आम्ही तिघं त्या उरलेल्या घोंगडीवरून भांडायचो.

मी दहावीत असताना अण्णा गेले. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तेराव्यानंतर आईने गिरणीचं कुलूप काढलं, पदर खोचला आणि पट्टा चढवला. बायका दळण घेऊन यायच्या, आणि पुरुषाच्या जागी तिला पाहून जरा घुटमळायच्या. ती म्हणायची, "ठेव की डबा. पीठ काय मिशा बघून पडतंय व्हय?" महिनाभरात ती सगळ्या गावाची गिरणीवाली मावशी झाली. तिच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. त्याच दिवसांत तिने उरलेल्या घोंगडीच्या काठाचे धागे सोडवले, त्यांची तीनपदरी वेणी घातली आणि माझ्या उजव्या मनगटावर बांधली. गाठ मारून वरचं टोक दातांनी तोडलं आणि पिठलं ढवळायला गेली.

टाकी लावणं हे दोघींचं काम होतं. आमच्या गिरणीत एक दगड शाफ्टवर फिरणारा आणि दुसरा समोरच्या जड झाकणात घट्ट बसवलेला, स्थिर. दाणे त्या दोघांमध्ये भरडले जायचे. आठवडाभर दळलं की दगड गुळगुळीत व्हायचे आणि पीठ गरम, चिकट पडायचं. मग झाकण उघडायचं. ते एकटीला पेलायचं नाही. मी खालून धरायची आणि आई बोल्ट काढायची. त्यानंतर ती एका सरळ लाकडी पट्टीला गेरू फासायची आणि पट्टी दगडावरून हलकेच फिरवायची. जिथे दगड उंच, तिथे लाल डाग उमटायचा. त्या डागावर टाकीचे घाव घालायचे. पुन्हा पट्टी, पुन्हा डाग, पुन्हा घाव, असं तीन-चार तास चालायचं. शेवटी सगळ्या दगडावर लाली सारखी पसरली की आई मागे सरून बघायची आणि पाणी प्यायची. संध्याकाळी धपाटे आणि दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. टाकी लावलेल्या दिवशी धपाटे ठरलेलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरू झाल्यावर ती आधी शेरभर कोंडा दळून फेकून द्यायची. टाकीने सुटलेला दगडाचा कच कुणाच्या भाकरीत जाता कामा नये, यावर ती फार कडक होती.

आयटीआय झाल्यावर मला चिंचवडच्या बाजूला एका कंपनीत बोलावणं आलं. कंपनी पंपांची सील बनवायची. तीन महिने ट्रायल, काम जमलं तर कायम. पहिल्या दिवशी आम्हा चार नव्या मुलींना मोडक साहेबांनी एका कापलेल्या पंपासमोर उभं केलं. मोडक साहेब खात्याचे प्रमुख, बोलायला थोडे तुसडे, पण शिकवायची हौस मोठी. ते म्हणाले, "पाणी पंपाच्या आत, मोटर पंपाच्या बाहेर. म्हणजे शाफ्टला भिंतीतून बाहेर यावंच लागणार. म्हणजे भोक आलंच. आतलं पाणी त्या भोकातून बाहेर येता कामा नये, बाहेरची घाण आत जाता कामा नये. शाफ्ट आवळला तर जळेल, सैल सोडला तर गळेल. काय कराल?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "घोंगडीचं कडं."

सगळ्या फिसकन हसल्या. साहेब हसले नाहीत. "आत दाब किती आहे?"

"दाब नाही सर. पीठ आहे. आमची गिरणी आहे."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "पण इथे दाब इतका असतो, की बारीक भोकातून पाणी निघालं तर ते हाताचं बोट कापील. तिथे घोंगडी टिकणार नाही."

मग त्यांनी दोन कडी दाखवली. एक काळ्या कार्बनचं, एक चमकणाऱ्या कठीण धातूचं. एक शाफ्टबरोबर फिरतं, दुसरं पंपाच्या घरात स्थिर बसतं, आणि मागची स्प्रिंग व पाण्याचा दाब दोघांना समोरासमोर दाबून धरतात. ज्या बाजूंनी ती एकमेकांना भिडतात त्यांना फेस म्हणायचं. एक फिरता, एक स्थिर. मी मनात म्हटलं, ही तर आपलीच गिरणी. फरक एवढाच, की गिरणीच्या दगडांना खरबरीत ठेवायचं आणि या फेसना इतकं सपाट करायचं की त्यांच्यामध्ये पाण्याचा एक पापुद्रा तेवढा मावेल. पाण्याला बाहेर पडायची वाट नाही आणि तरी फेस कोरडे पडून जळत नाहीत. "हा पापुद्रा केसाहून कितीतरी पातळ असतो," साहेब म्हणाले. "त्याच्यावर सगळा पंप उभा आहे." मला ते खरंच वाटेना. एवढ्या मोठ्या लोखंडाने एवढ्याशा पाण्यावर विसंबावं, हे माझ्या बुद्धीत बसेना. सदतीस वर्षं झाली, अजूनही नीटसं बसलेलं नाही.

फेस सपाट करायची जागा म्हणजे लॅपिंगची खोली. सगळ्या कंपनीत ती सगळ्यात लहान आणि सगळ्यात गप्प. दोन दारं, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत पंखा नाही, कारण पंख्याने धूळ उडते. दाराबाहेर एक स्टीलचा ट्रे होता. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, गळ्यातलं, दोरे, सगळं त्यात काढून ठेवायचं आणि मगच टोपी-कोट घालायचा. साहेबांनी विचारलं, "अंगावर काही राहिलं नाही ना?" मी बांगड्या काढल्या होत्या. घोंगडीची वेणी मात्र कोपरापर्यंत वर सारून बाहीखाली दडवली होती. मी म्हटलं, "नाही सर." आयुष्यात मी बऱ्याच थापा मारल्या, त्यातली ही सगळ्यात लहान आणि सगळ्यात महाग.

त्या खोलीचे मालक म्हणजे गाडे मामा. कागदावर ते साधे कामगार होते, पण मोडक साहेबही त्यांच्यासमोर आवाज खाली आणून बोलत. चाकणजवळच्या एका खेड्यातले, जुन्या शेतकरी घरातले. हात एवढे मोठे आणि राठ की त्या हातांत नांगरच शोभावा. त्या हातांनी ते कार्बनचं कडं लोखंडी पाटावर ठेवायचे आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत राहायचे, न दाबता, न थांबता. मला म्हणाले, "दाबायचं न्हाई. कड्याचं वजन कड्याला माहीत हाय. आपुन फकस्त वाट दावायची."

पहिल्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी मला दिव्याजवळ बोलावलं. एका पेटीत पिवळा दिवा होता, पिवळ्याशिवाय दुसरा कुठलाही रंग नसलेला. त्याच्या उजेडात माझे हात, मामांचा चेहरा, पाटावरचा लाल डबा, सगळं एकाच राखी-पिवळ्या रंगाचं झालं. मामांनी घासून झालेलं कडं खाली ठेवलं आणि त्यावर एक जाड, स्वच्छ, सपाट काच अलगद टेकवली. "वाक. बघ."

मी वाकले. कड्यावर काळ्या रेघा उमटल्या होत्या. सरळ, सारख्या अंतरावर, एकीलाही दुसरीची घाई नाही. कुणी काढलेल्या नव्हत्या. काच उचलली की नाहीशा व्हायच्या, टेकवली की पुन्हा हजर.

"मामा, या रेघा कशाच्या?"

"उजेडाच्या," ते म्हणाले. "काच न् कडं यांच्यामधी हवेची फट ऱ्हाती. लई पातळ. उजेड आत जातो, आपटून माघारी येतो, न् सोतालाच भेटतो. जिथं जुळतं तिथं उजेड, जिथं न्हाई जुळत तिथं काळी रेघ. रेघ सरळ म्हंजी फेस सपाट. वाकली म्हंजी कुठंतरी फुगलाय न्हाईतर दबलाय. केसाचे दोनशे भाग कर, त्यातल्या येकाचीबी लबाडी ह्यो उजेड लपवू देत न्हाई."

मग त्यांनी दोन तयार कडी फेसाला फेस लावून हलकेच सरकवली आणि वरचं उचललं. खालचं त्याच्याबरोबर वर आलं. डिंक नाही, लोहचुंबक नाही. मी ती ओढून पाहिली, सुटेनात. मामा माझ्याकडे बघून हसत होते. त्यांनी हा खेळ किती जणांना दाखवला असेल कोण जाणे, पण त्यांच्या डोळ्यांतही तेव्हा नवल होतं, आणि मला त्याचंच जास्त नवल वाटलं. त्या संध्याकाळी बसमध्ये मी खिडकीच्या काचेवर बोटाने आठ काढत बसले होते. कुरुळी फाटा मागे पडला तेव्हा भानावर आले. कायम व्हायचं तर याच खोलीत व्हायचं, असं मी तिथेच ठरवलं. लग्नाचं, घराचं, कशाचंही मी तोवर असं ठरवलं नव्हतं.

हात बसायला महिना गेला. दुसऱ्या महिन्यात माझ्या कड्यांवर सरळ रेघा येऊ लागल्या. आणि मग ते चरे सुरू झाले. कार्बनच्या फेसवर, रेघा मधूनच तोडत जाणारा एखादा बारीक ओरखडा. साध्या डोळ्यांना दिसायचा नाही, दिव्याखाली दिसायचा. चाचणीत तेवढ्या ओरखड्यातून पाण्याचा दाब वाट शोधायचा आणि थेंब टपकायचा. साहेबांनी घासायची पेस्ट बदलली, पाट धुतला, कापड नवं आणलं. चार दिवस बरे जायचे आणि मग पुन्हा. जुळणी खात्यातली मंगल म्हणाली, "शुक्रवारीच होतंय ग हे. आंबट खातेस का शुक्रवारी?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण त्या आठवड्यापासून मी खरोखरच शुक्रवारी लोणचं सोडलं. मामा हसले नव्हते. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

ट्रायल संपायला दहा दिवस उरले असताना साहेबांनी मला बोलावलं. एका बॉयलरच्या पंपाचं मोठं सील होतं, दाब भारी, घेणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर शनिवारी स्वतः चाचणी बघायला येणार होता. त्याचा कार्बन फेस मी करायचा होता, शुक्रवारी. "तुझा हात चांगला आहे, म्हणून देतोय," साहेब म्हणाले. "पण यावरही चरा निघाला तर मला तुला या खोलीत ठेवता येणार नाही, शालन. पॅकिंगला जागा आहे. तिथे बघू." पॅकिंग वाईट नव्हतं. पण पॅकिंगमध्ये तो दिवा नव्हता.

गुरुवारी आम्ही नेहमीसारखं झाकण उघडलं. मी आईला काहीच सांगितलं नव्हतं. टाकीचे घाव चालू असताना दारात सावली पडली. पाहते तो गाडे मामा, धोतर-टोपीत, खांद्यावर बाजरीचं गाठोडं.

आई म्हणाली, "आज गुरुवार हाय दादा. गिरणी बंद."

"आरं हां, बेस्तरवार न्हवं का आज," मामा म्हणाले आणि गाठोडं खाली ठेवून उंबऱ्यातच उकिडवे बसले. सगळ्या जन्मात दर गुरुवारी सुट्टी घेतलेला माणूस वार विसरतो होय! "ह्यांच्यासंगं मी कामाला हाय, आई," एवढंच मी बोलले.

आईने त्यांना पाणी दिलं आणि पुन्हा कामाला लागली, कारण गेरू वाळत होता. तिने पट्टी दगडावरून फिरवली. लाल डाग उमटले. तिने घाव घातले, फुंकर मारली, पुन्हा पट्टी फिरवली. मामा बघत राहिले. हळूहळू सरकत ते दगडापाशी आले. किती तरी वेळाने म्हणाले, "ताई, हे कुनी शिकवलं तुमास्नी?"

"कोण शिकवणार? मालक करायचे, मी बघायची."

"हात लावू का?"

आई सरकली. मामांनी आपला तो राठ पंजा दगडावर ठेवला आणि डोळे मिटले. कडेपासून मधल्या भोकापर्यंत हात सावकाश नेला. "तीस वर्सं मी हेच करतोय," ते म्हणाले. "माझ्यापाशी काच हाय, दिवा हाय. तुमी नुसत्या गेरूवर..." माझ्या आईच्या कामाकडे कुणी असं बघितलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही बघितलं नव्हतं.

मग ते कामाचं बोलले. "दगड कशाचा ह्यो?"

"एमरीचा. फार चिवट असतोय."

मामांनी दगडावरची भुकटी चिमटीत घेतली, आमच्या पाण्याच्या स्टीलच्या तांब्यावर ठेवली आणि अंगठ्याने एकदा घासली. भुकटी पुसली. तांब्यावर बारीक बारीक ओरखडे होते. ते माझ्याकडे वळले. "पोरी, तू आंघूळ करून येतीस, हात धुतीस, टोपी घालतीस. मी बघतो की रोज. मग ही भुकटी शुक्रवारी माझ्या खोलीत येती कशी?"

मी बाही वर केली. घोंगडीची वेणी दगडाच्या भुकटीने करडी झाली होती. मामांनी ती बोटाने टिचकली. उन्हाच्या तिरिपीत बारीक धूळ तरंगत खाली आली. अण्णा म्हणाले होते तेच. लोकरीला धूळ धरायची खोड. फक्त एक फरक होता. गिरणीवर ते कडं जागचं हलत नसे. माझ्या हातावर ते दिवसभर आठाच्या आकड्यात फिरायचं, आणि दोन दिवसांत पोटातलं सगळं माझ्याच फेसवर झाडून मोकळं व्हायचं.

आईला आधी काही कळेना. मी सगळं सांगितलं. चरे, शुक्रवार, पॅकिंग, साहेबांना मारलेली थाप. सांगता सांगता मला रडू फुटलं. आई गेरूची पट्टी हातात धरून उभी होती. "परक्याच्या भाकरीत कच जाऊ नये म्हणून मी कोंडा दळून फेकते," ती म्हणाली, "आन् पोटच्या पोरीच्या हाताला मीच कच बांधून दिला व्हय?"

"दगडाचा दोष न्हाई, ताई," मामा घाईने म्हणाले. "तुमचाबी न्हाई. पर तिथं हे चालायचं न्हाई."

मला वाटलं, आता ती म्हणेल, धुऊन घे, स्वच्छ धुऊन पुन्हा घाल. मलाही तेच हवं होतं. ती आत गेली, विळी घेऊन आली, माझा हात धरला आणि वेणी कापली. कापताना तिचं तोंड असं झालं होतं की मी दुसरीकडे पाहिलं. मग तिने बेअरिंगचं झाकण सैल केलं, घोंगडीच्या कड्याच्या बाहेरच्या अंगाला ती वेणी शाफ्टभोवती गुंडाळली आणि बोटाने दाबून बसवली. "तिचं काम इथं हाय," ती म्हणाली. "आन् तुझं तिथं. उद्यापासून दगडाला हात लावायचा न्हाई."

"आई, झाकण कोण धरणार?"

तेच तर कोडं होतं. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बाह्या सारल्या. "आज तर मी हाय," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आईने मला तीनदा आंघोळ घातली. वीस वर्षांच्या घोडीला मोरीत बसवून शिकेकाईने केस धुतले, नखं काडीने कोरली, कानामागे घासलं. शुक्रवारी मी लॅपिंगच्या दारात उभी राहिले आणि मोडक साहेबांना सगळं खरं सांगितलं. त्यांनी माझ्या मोकळ्या मनगटाकडे बघितलं. वेणीच्या जागी फिक्या कातडीची पट्टी दिसत होती. ते एवढंच म्हणाले, "आत जा." मी कडं पाटावर ठेवलं. हात इतका हलका लागत होता की पहिले काही फेरे मला तो माझा वाटेचना. दुपारी मामांनी काच टेकवली. रेघा उमटल्या. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, न तुटता. मामांनी काच उचलली आणि पुन्हा टेकवली. मग पुन्हा उचलली. तपासायला नव्हे, नुसतं बघायला.

शनिवारी पंप सुरू झाला. दाबाच्या घड्याळाचा काटा चढत गेला, तशी जमीन तळव्यांखाली घुमू लागली. गिरणीत वाढल्यामुळे असेल, मला त्या घुमण्याने धीर आला. आत ते पाणी, बोट कापील असं. बाहेर आम्ही. मध्ये माझ्या हातचं एक काळं कडं आणि एक पाण्याचा पापुद्रा. मामांनी सीलच्या खाली शाई टिपायचा कागद ठेवला होता, एक थेंब पडला तरी डाग दिसावा म्हणून. चार तास पंप चालला. त्या इंजिनिअरने कागद काढला, उलटा केला, उजेडाकडे धरला आणि सही केली. तो कागद मामांनी घडी करून माझ्या हातात दिला. "आईला दाव."

आईने तो गिरणीच्या दारात दोन्ही बाजूंनी पाहिला. "काय लिवलंय ह्यात?"

"काहीच नाही."

"मग?"

"हेच, आई. काहीच नाही."

ती त्या कोऱ्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मग पिठाचे हात पदराला पुसून तो तिने अण्णांच्या फोटोमागे सारला.

मी त्या खोलीत कायम झाले. गाडे मामा निवृत्त होईपर्यंत, आणि त्यानंतरही गुडघे चालत होते तोवर, गुरुवारी आमच्याकडे येत राहिले. झाकण धरायचे, टाकीही चालवायला शिकले, आणि संध्याकाळी धपाटे खाऊन जायचे. मी उंबऱ्याबाहेर, ओलांडायची मनाई असल्यासारखी, धुतलेल्या केसांनी बसायची. आत दोघं गेरूच्या डागांवरून वाद घालायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा, तो मी कधी लपवला नाही. आता आमच्याकडे असं यंत्र आहे की फेस ठेवला की पडद्यावर त्याचा रंगीत नकाशा येतो. नव्या मुली पटकन आकडा वाचून पुढे जातात. मी अजून दिवसातून एकदा तरी दिवा लावून काच टेकवते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तो पिवळा रंग मला तर जास्तच पिवळा दिसतो.

गेल्या महिन्यात आम्ही गिरणी काढून टाकली. आई आता एक्याऐंशीची आहे आणि शेजारीपाजारी सगळे तयार पीठ आणतात. न्यायला आलेल्या मिस्त्रीने बेअरिंग उघडलं. बाहेरच्या अंगाला पीठ आणि दगडाची भुकटी दगडासारखी घट्ट बसली होती. आतलं ग्रीस मधासारखं स्वच्छ. "मावशी, काय घातलंय हे?" तो म्हणाला. "बेअरिंग नवं आहे की!" कडी आईने दर सहा महिन्यांनी बदलली होती, घोंगडी संपल्यावर दुसरी आणून बदलली होती. पण प्रत्येक नव्या कड्याबाहेर तीच जुनी वेणी पुन्हा गुंडाळली होती, हे मला माहीत नव्हतं.

तिने ती काळी गुठळी रॉकेलमध्ये धुतली, मग साबणाने, मग उन्हात वाळवली. ती अजून तीनपदरी होती. आई माझ्याजवळ येऊन बसली. "आण हात."

"आई, रिटायर व्हायला आठ महिने राहिलेत अजून."

तिने बोटांवर मोजलं. मग उठली, भिंतीला धरत अण्णांच्या फोटोपाशी गेली, मागे हात घालून तो कोरा कागद काढला, त्यात वेणी गुंडाळली आणि पुन्हा होती तिथे ठेवली.

"थांबते की मग," ती म्हणाली. "आठ महिने म्हंजी काय लई न्हाईत."